शोपँ स्पर्धेचा इतिहास ऐकायचा कसा: कोकणातल्या वाचनालयांसाठी सहा बैठका

पोलिश संगीतकार शोपँच्या नावाने वॉर्सात होणाऱ्या आंतरराष्ट्रीय पियानो स्पर्धेतल्या विजेत्यांची यादी वाचायला पाच मिनिटं लागतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं एकही नाव आठवत नाही. हा इतिहास यादीत नाहीच. तो निकालांवर झालेल्या भांडणांत आहे, आणि भांडण कशावरून झालं हे ऐकल्याशिवाय कळत नाही. डबलबारीच्या सामन्याला रात्रभर जागून, कुठला बुवा वरचढ ठरला यावर सकाळच्या एसटीत वाद घालणाऱ्या मुलखात हे फार समजावून सांगावं लागू नये.

खालचा आराखडा बारा ते वीस माणसांच्या गटासाठी आहे. आठवड्याला एक अशा सहा बैठका, प्रत्येक दीड तासाची. त्यात संगीत पंचेचाळीस मिनिटंच ठेवा. नवख्या कानाला सलग पियानो त्याहून जास्त झेपत नाही. पाऊण तासानंतर सगळे वादक सारखेच वाटायला लागतात. उरलेला वेळ गुण देण्याला आणि वाद घालण्याला.

दिवस आणि जागा

पावसाळ्यात हा उद्योग नको. पत्र्याखाली सर आली की पियानोचे हळू स्वर संपले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे, मात्र गावच्या आणि शेजारच्या गावच्या जत्रांच्या तारखा बघून मगच वार ठरवा. समोर दशावतार उभा असताना वॉर्साला कोणी येणार नाही, आणि येऊही नये.

कौलारू छप्पर आणि लाकडी माळा असलेली खोली सगळ्यात चांगली. स्लॅबच्या, चारी बाजूंनी गिलावा केलेल्या रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो आणि जलद स्वरांचा लगदा होतो. खोलीच्या मधोमध उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा. टाळीमागून ‘टर्रर्र’ असा शेपूट असलेला आवाज आला, तर मागच्या भिंतीवर दोन-तीन गोधड्या टांगा आणि खाली सतरंजी अंथरा. पंखे बंद ठेवावे लागतात, म्हणून बैठक सूर्यास्तानंतरची. चहा मध्यंतरात आणि कागदी कपात. कपबशीचा किणकिणाट नेमका नॉक्टर्नमध्ये, म्हणजे संथ, हळुवार रचनेत होतो.

आवाजाची जुळणी

भजनी मंडळाचा सेट सहज मिळतो, पण तो माणसाच्या आवाजासाठी जुळवलेला असतो. दुसरं काही नसेल तर तोच घ्या, मात्र मिक्सरवरचा इको पूर्ण शून्यावर आणा, बास आणि ट्रेबल मधोमध ठेवा आणि कर्णे काढून टाका. त्यापेक्षा घरातले जुने स्टिरिओचे दोन स्पीकर चांगले. ते सहा-सात फूट अंतरावर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला आणि भिंतीपासून दोन फूट पुढे ठेवा. हातात मावणारा ब्लूटूथ स्पीकर चालणार नाही. पियानोच्या ८८ पट्ट्या २७.५ हर्ट्झपासून जवळपास ४१८६ हर्ट्झपर्यंत जातात, आणि त्या डबीतून डाव्या हाताचं निम्मं काम ऐकूच येत नाही.

लॅपटॉप चार्जरला लावलेला असताना स्पीकरमधून ‘हूंऽऽ’ असा आवाज येत असेल, तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच थांबतो. खरखर येत असेल तर पिन बघा. खाऱ्या हवेने तिच्यावर हिरवट थर चढतो. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच जोडा.

आवाज किती मोठा ठेवायचा हे रचनेतल्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या भागावरून ठरवा. ए फ्लॅट मेजर पोलोनेझ (पोलिश नृत्याच्या ठेक्यातली रचना), ओपस म्हणजे रचनाक्रमांक ५३, यातला सगळ्यात दणदणीत भाग लावून कानाला बोचणार नाही इतपत आवाज ठेवा. नंतर बैठक संपेपर्यंत त्या बटणाला कोणीही हात लावायचा नाही. हळू भाग मागच्यांना ऐकू येत नसेल तर खुर्च्या पुढे घ्या. दर तुकड्याला आवाज वर-खाली केलात तर कोण खरंच हळू वाजवतो आणि कोण नुसताच बुळबुळीत, हा फरकच पुसला जातो.

ध्वनिमुद्रणं जमवायला पैसे पडत नाहीत. अलीकडच्या स्पर्धांच्या फेऱ्या वॉर्साच्या शोपँ इन्स्टिट्यूटने यूट्यूबवर ठेवल्या आहेत, आणि जुन्यांतलंही बरंच तिथे सापडतं. नावं रोमन लिपीत शोधा, सोबत साल टाका. लागणारं सगळं आदल्या दिवशी ऑफलाइन साठवून ठेवा, नाहीतर कॉन्चेर्टोच्या, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदाच्या लांब रचनेच्या, ऐन मध्यावर डिटर्जंटची जाहिरात येते.

पहिली बैठक: अजून स्पर्धा नाही, फक्त कान

ही बैठक गाळाल तर पुढच्या पाच फुकट जातील.

सुरुवात पेटीवरून करा. गटात एखादा तरी पेटीवाला असतोच, त्याला पुढे बसवा. पेटीला भाता एकच. एकाच वेळी दाबलेल्या दोन पट्ट्यांपैकी एक मोठी आणि एक लहान वाजवता येत नाही. त्याला तसं करून बघायला सांगा. होणार नाही, हे सगळ्यांना दिसू द्या. पियानोत प्रत्येक पट्टीला स्वतःची हातोडी असते. बोट जितक्या वेगाने पट्टी खाली नेईल तितक्या वेगाने हातोडी तारेवर आपटते, आणि त्यावर त्या एका स्वराची ताकद ठरते. म्हणजे दहा बोटं दहा वेगवेगळ्या ताकदींनी वाजवू शकतात. दुसरा फरक असा की भाता चालू आहे तोवर पेटीचा स्वर टिकतो, पियानोचा स्वर मात्र वाजल्या क्षणापासून विरायला लागतो. मग त्यावर गाणं कसं होतं? आधीचा स्वर विरत विरत जिथे आला असेल त्या पातळीला वादक पुढचा स्वर जुळवतो. हे ऐकायला ई फ्लॅट मेजर नॉक्टर्न, ओपस ९ क्रमांक २, पुरे. साधारण साडेचार मिनिटांचं आहे. पहिल्यांदा फक्त उजवा हात ऐकायला सांगा, दुसऱ्यांदा फक्त डावा.

मग ताल. स्पर्धेत तीन-तीनच्या चालीचे तीन नृत्यप्रकार सतत येतात, आणि नवख्यांचा गोंधळ इथेच होतो. वॉल्ट्झमध्ये पहिल्या मात्रेवर खालचा स्वर, दुसरी-तिसरी हलकी. पोलोनेझचा ठेका दादऱ्याच्या सहा मात्रांत बसवून हाताने असा वाजवा: धा तिट धा धा धा धा. दुसऱ्या मात्रेत दोन अक्षरं, बाकी प्रत्येकी एक. दहा वेळा म्हटलं की लहान मुलंही पोलोनेझ ओळखतात.

मझुर्का अवघड. तिथेही तीन मात्रा, पण वजन पहिलीवरून सरकून दुसरीवर किंवा तिसरीवर जातं, आणि ते एका जागी राहीलच असं नाही. डी मेजर मझुर्का, ओपस ३३ क्रमांक २, लावा. आधी सगळ्यांनी मनात एक-दोन-तीन मोजायचं. मग टाळी ‘एक’वर न देता जिथे वादक जोर देतोय तिथे द्यायची. बहुतेक जण सवयीने पहिलीवर टाळी देत राहतात आणि वादकाने ताल सोडला अशी तक्रार करतात. ताल त्याने सोडलेला नसतो, सम पकडायची आपली सवय आड येते. शेवटी ए मायनर मझुर्का, ओपस १७ क्रमांक ४. ती अधांतरी सुरू होते आणि ज्या स्वरसमूहाने सुरू झाली त्याच्यावरच अधांतरी संपते. संपल्यावर कोणी टाळ्या वाजवत नाही, कारण संपलं हेच कळत नाही. तेवढं ऐकवून पहिल्या दिवशी घरी पाठवा.

गुणपत्रिका

दुसऱ्या बैठकीपासून प्रत्येकाला कागद द्या. २०२१ च्या स्पर्धेत पहिल्या फेऱ्यांसाठी परीक्षक २५ पैकी गुण देत आणि ‘पुढे पाठवावा’ की ‘नाही’ हे वेगळं लिहीत. तुम्हीही तेच करा. ताल, भाव, सफाई असे रकाने पाडू नका. रकाने पाडले की लोक संगीत सोडून रकाने ऐकतात.

सगळ्यांच्या सरासरीपासून फार लांब गेलेला गुण ठरावीक मर्यादेपर्यंत ओढून आणायचा, हा स्पर्धेतला नियमही वापरा. समजा आठ जणांनी २१, २२, २०, २३, २१, २२, ९, २२ असे गुण दिले. बेरीज १६०, सरासरी २०. मर्यादा ३ धरली तर ९ चा १७ होतो. बेरीज १६८ आणि सरासरी २१. हे फळ्यावर करून दाखवा. एका रागावलेल्या माणसाने पूर्ण एक गुण खाली नेला होता हे त्यात दिसतं. विद्यार्थी किंवा नातेवाईक असेल तर परीक्षकाने गुण द्यायचे नाहीत, हा नियम आपल्याकडच्या एकांकिका स्पर्धांच्या संदर्भात चर्चेला घेतलात तर मध्यंतर लांबतं, एवढं ध्यानात ठेवा.

दुसरी बैठक: १९२७ ते १९३७

ही छोटी ठेवा. स्पर्धा सुरू केली ती येझी झुरावलेव्ह या पियानोवादक-शिक्षकाने. पहिल्या महायुद्धानंतर पोरं खेळांच्या मागे लागलेली पाहून, संगीतातही चढाओढ लावली तर ती इकडे वळतील, असा त्याचा हिशोब होता. जानेवारी १९२७ मध्ये आठ देशांतले २६ जण उतरले. जिंकला सोव्हिएत संघाचा लेव्ह ओबोरिन. त्याच स्पर्धेत उतरलेल्या एका विशीतल्या मुलाला नुसतं मानपत्र मिळालं. तो दिमित्री शोस्ताकोविच, पुढचा मोठा संगीतकार. १९३२ मध्ये अलेक्सांदर उनिन्स्की आणि दृष्टिहीन हंगेरियन वादक इम्रे उंगार यांचे गुण सारखे झाले, तेव्हा नाणं उडवलं गेलं आणि पहिलं बक्षीस उनिन्स्कीला गेलं. १९३७ मध्ये याकोव्ह झाक जिंकला. मग युद्ध आलं आणि स्पर्धा बारा वर्षं थांबली.

ऐकायला ओबोरिनची नंतरच्या काळातली एक-दोन ध्वनिमुद्रणं लावा. खरखर आणि दबलेला आवाज यांचे गुण कापू नका, असं आधीच बजावून ठेवा. पहिल्या गुणपत्रिकांत सगळे ध्वनिमुद्रणालाच गुण देतात.

तिसरी बैठक: पडद्यामागून

१९४९ हे शोपँच्या मृत्यूचं शंभरावं वर्ष. त्या वेळी स्पर्धक दिसू नयेत म्हणून परीक्षकांना पडद्यामागून ऐकवलं गेलं. पहिलं बक्षीस पोलंडची हालिना चेर्नी-स्तेफान्स्का आणि सोव्हिएत बेला दाविदोविच यांना विभागून मिळालं.

आपणही पडदा लावायचा. टीव्हीवर चादर टाका किंवा लॅपटॉपचं तोंड भिंतीकडे करा. एकच रचना तीन वादकांकडून घ्या. कागदावर नाव नाही, फक्त अ, ब, क. सी मेजर एत्युद (बोटांच्या सरावाची रचना), ओपस १० क्रमांक १, दोन मिनिटांचं आहे, त्यामुळे तीनदा ऐकायला कोणी कंटाळत नाही. उजवा हात पट्ट्यांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत असतो, आणि खाली डावा हात संथ, भारदस्त स्वर ठेवत जातो. लोक उजव्याच्या वेगावर भाळतात. दुसऱ्या फेरीत डाव्याकडे लक्ष द्या म्हणा आणि गुण पुन्हा लिहायला लावा. दोन्ही गुणांतला फरक फळ्यावर लिहा.

नावं उघडल्यावर हा किस्सा सांगा. दिनू लिपाट्टी या थोर वादकाचं म्हणून ई मायनर कॉन्चेर्टोचं एक ध्वनिमुद्रण त्याच्या मृत्यूनंतर १९६०च्या दशकात बाजारात आलं आणि जाणकारांनी ते वर्षानुवर्षं वाखाणलं. १९८१ मध्ये उघड झालं की वाजवणारी चेर्नी-स्तेफान्स्का होती.

याच बैठकीत १९५५ उरका. युद्धात उद्ध्वस्त झालेलं, स्पर्धेचं फिलहार्मोनिक सभागृह तोवर पुन्हा उभं राहिलं होतं. आदाम हारासेविच पहिला, व्लादिमिर अश्कनाझी दुसरा. आर्तुरो बेनेदेत्ती मिकेलांजेली या परीक्षकाला हे पटलं नाही आणि त्याने निकालावर सही केली नाही. तिसरा आला शांघायमध्ये जन्मलेला फू त्सोंग, आणि उत्तम मझुर्कासाठी पोलिश रेडिओकडून मिळणारा खास पुरस्कारही त्यालाच. मझुर्का हे पोलिश खेड्यातलं नृत्य. ते तिथल्याच मातीच्या माणसाला वाजवता येतं, हा दावा त्या दिवशी पोलिश परीक्षकांसमोरच मोडला.

चौथी बैठक: एक कॉन्चेर्टो, दोन माणसं

१९६०चा विजेता मौरित्सियो पोल्लिनी आणि १९६५ची विजेती मार्ता आर्गेरिच. दोघांचा ई मायनर कॉन्चेर्टो, ओपस ११, त्यातला फक्त पहिला भाग. पोल्लिनीचं जिंकल्यानंतर लगेचच केलेलं स्टुडिओतलं ध्वनिमुद्रण घ्या; आर्गेरिचची अंतिम फेरीतली कृष्णधवल चित्रफीत मिळते. आधी सांगून ठेवा की सुरुवातीला चारेक मिनिटं नुसता वाद्यवृंद वाजतो. नाही सांगितलं तर लोक ‘पियानो कुठाय?’ म्हणून कुजबुजत बसतात आणि पियानो शिरतो तो क्षण हुकतो.

पोल्लिनीकडे प्रत्येक स्वर धुऊन वाळवल्यासारखा स्वच्छ, आर्गेरिचकडे वाक्यच्या वाक्य एका श्वासात. आमचं मत विचाराल तर गटात पहिल्यांदा आर्गेरिचला जास्त गुण मिळतात आणि तिसऱ्यांदा ऐकल्यावर पोल्लिनी वर सरकतो. १९७० (गॅरिक ओल्सन) आणि १९७५ (अठरा वर्षांचा क्रिस्तियान झिमरमान) एकेका मझुर्कावर निभावून न्या.

पाचवी बैठक: १९८०

हिला अख्खा दीड तास द्या. युगोस्लाव्हियाचा इव्हो पोगोरेलिच अंतिम फेरीपूर्वीच, तिसऱ्या फेरीत, बाद झाला आणि मार्ता आर्गेरिचने निषेध म्हणून परीक्षक मंडळ सोडलं. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. त्याआधी लुई केंटनर हे परीक्षक नेमक्या उलट कारणाने, पोगोरेलिच पुढच्या फेरीत गेला म्हणून, बाहेर पडले होते. एकाच माणसावरून दोन राजीनामे, दोन टोकांचे.

पोगोरेलिचची त्या स्पर्धेतली चित्रफीत लावा, पण चित्र झाकून. कपडे, केस, बसण्याची ढब यांवरही तेव्हा बोललं गेलं होतं. ते आधी बाजूला काढायचं. रचनेची एक नेहमीच्या वळणाची आवृत्ती आधी ऐकवा, मग त्याची. जिथे त्याने वेग बदलला किंवा डाव्या हाताचा एखादा आतला स्वर वर काढला, तिथे थांबवून विचारा: हे पटलं का? गट दोन भागांत बसवा, एक बाजू ‘पाठवा’, दुसरी ‘नको’. अर्ध्या तासाने बाजू बदला. डबलबारीची सवय इथे कामी येते.

एक धोका मात्र असतो: या गडबडीत विजेता राहून जातो. हनोईचा दांग थाय सोन हा ही स्पर्धा जिंकणारा पहिला आशियाई. शोपँच्या दोन कॉन्चेर्टोंपैकी बहुतेक स्पर्धक अंतिम फेरीत ई मायनर निवडतात. त्याने एफ मायनर, ओपस २१, निवडला होता. त्याचा दुसरा, संथ भाग बैठकीच्या शेवटी लावा आणि त्यावर चर्चा ठेवू नका.

सहावी बैठक: १९९० पासून पुढे

१९९० आणि १९९५, सलग दोनदा पहिलं बक्षीस कोणालाच दिलं नाही. २००० मध्ये युंदी ली. २००५ मध्ये राफाउ ब्लेहाचने पहिल्या बक्षिसासोबत मझुर्का, पोलोनेझ, सोनाटा आणि कॉन्चेर्टो यांचे खास पुरस्कारही नेले, आणि दुसरं बक्षीस रिकामं ठेवलं गेलं. २०१० मध्ये युलियाना आव्देयेवा. २०१५ मध्ये सोंग-जिन चो जिंकला. गुणपत्रिका जाहीर झाल्या तेव्हा दिसलं की अंतिम फेरीत बहुतेकांनी त्याला १० पैकी ९ किंवा १० दिले, आणि फिलिप आँत्रमाँ या परीक्षकांनी १. तुमच्या फळ्यावरचा तो ९ इथे आठवेल.

२०२०ची स्पर्धा कोविडमुळे २०२१ मध्ये झाली आणि दांग थाय सोनचा विद्यार्थी ब्रूस लिऊ जिंकला. २०२५ मध्ये एरिक लू. तोही दांग थाय सोनकडे शिकलेला, २०१५ ला चौथा आलेला, आणि अंतिम फेरीत त्यानेही एफ मायनरच वाजवला. पाचव्या बैठकीत लावलेला तोच संथ भाग त्याच्याकडून ऐका. दोन्ही सलग लावलेत तर वीस मिनिटांत होतं.

२०३० साठी

स्पर्धा दर पाच वर्षांनी, ऑक्टोबरमध्ये. त्या महिन्यात आपलं घड्याळ वॉर्साच्या साडेतीन तास पुढे असतं. तिथलं सकाळी १० चं सत्र आपल्याकडे दुपारी दीडला, संध्याकाळी ५ चं रात्री साडेआठला. निकाल तिथेच मध्यरात्र उलटून लागतो, म्हणजे आपल्याकडे पहाटे दूध काढायच्या वेळेला. परतीचा पाऊस असतो. वीज गेली की थोड्या वेळाने टॉवरची बॅटरीही संपते आणि नेट जातं. त्यामुळे थेट प्रक्षेपणावर गट बोलावू नका. घरी बघायचं त्यांनी बघावं, बैठक दुसऱ्या दिवशी साठवलेल्या चित्रफितीवर. ढग गडगडायला लागले की लॅपटॉप आणि सेटच्या वायरी भिंतीतून काढा.

१७ ऑक्टोबरला स्पर्धा नसते. १८४९ मध्ये त्या दिवशी शोपँ गेला. त्याचं हृदय वॉर्साच्या होली क्रॉस चर्चमधल्या खांबात ठेवलेलं आहे, आणि त्या दिवशी तिथे मोत्सार्टचं रेक्विएम, म्हणजे मृतांसाठीचं प्रार्थनासंगीत, होतं. २०२१ आणि २०२५ मध्ये अंतिम फेरी लगेच १८ पासून २० पर्यंत होती. तेव्हा तिसऱ्या फेरीपर्यंतच्या गुणांच्या बेरजा १७ तारखेलाच पुऱ्या करा, आणि ज्यांनी ‘पुढे पाठवावा’ लिहून २५ पैकी १४ दिलेत त्यांना बोलावून त्यांच्याकडून एकतर गुण नाहीतर शेरा दुरुस्त करून घ्या.